खाली ऑफिस आहे

आमची थोरली पडल्यापासून जो तो तिचं कौतुक करत सुटलाय. किती सोशिक, किती शांत, किती समजूतदार! ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सोशिक? आमची थोरली? जिने सिटी बसमध्ये कंडक्टरकी केली, दारात लोंबकळणाऱ्या धटिंगणांना कॉलर धरून आत ओढलं, साहेबलोकांसमोर कधी मान खाली घातली नाही, ती बाई सोशिक? ती शांत झाली हे खरं आहे. शांत झाली आणि म्हणूनच पडली. हे मला सांगायचंय, आणि कोणाला आवडो न आवडो, मी सांगणार आहे.

ती माझी जाऊ. दोघा सख्ख्या भावांच्या बायका म्हणून आमचं आयुष्य एकाच इमारतीत गेलं, ती वरच्या मजल्यावर, मी तिच्या बरोब्बर खाली. आमचं गूळपीठ कधीच नव्हतं. ती पहाटेच्या पाळीला निघाली की तिच्या बुटांच्या आवाजाने माझी झोप मोडायची, आणि परत आली की तिच्या तोंडाच्या आवाजाने माझा रेडिओ ऐकू येईनासा व्हायचा. दिवसभर इंजिनाच्या वर आवाज चढवून 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडणाऱ्या माणसाला घरी आल्यावर हळू बोलता येत नाही. 'जरा मीठ दे' हेसुद्धा ती मागच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असं म्हणायची. नातेवाईक नाकं मुरडायचे. बाईमाणसाला एवढा आवाज शोभत नाही म्हणायचे. मीही म्हणायचे, उगाच साळसूदपणा कशाला करू?

पण तिच्या बसमध्ये बसलं की मात्र तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. ती दांडीला धरायची नाही. गाडी वळो, ब्रेक लागो, खड्ड्यात आदळो, ही मधल्या वाटेत पाय थोडे फाकवून, गुडघे सैल सोडून उभी. एका हातात तिकिटं, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि सगळ्या गाडीवर नजर. म्हातारं माणूस चढलं की ते नीट बसेपर्यंत ती बेल द्यायची नाही. ड्रायव्हर मागे वळून बोंबलला तरी नाही. 'माणूस बसू दे, मग उडव तुझं विमान,' म्हणायची. सीट रिकामी असली तरी स्वतः कधी बसायची नाही. बसलं की पाय आळसावतात, असं तिचं म्हणणं.

माझे मोठे दीर लवकर गेले. मुलगा तेव्हा शाळेत होता. ड्यूटी करून तिने एकटीने त्याला वाढवलं, शिकवलं. तो तिच्या अगदी उलटा निघाला, हळू बोलणारा, हळू चालणारा, दार लावतानासुद्धा आवाज होऊ न देणारा. आता विम्याच्या ऑफिसात चांगल्या जागेवर आहे, लग्नानंतर वेगळा राहतो. माझा हा पुतण्या वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर सोपं गेलं असतं, दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी थोरली दारातल्या ओल्या फरशीवरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. साधं घसरणं, पण हाड काडीसारखं तुटलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत. घरातल्या बायकांनीही तपासून घ्या म्हणाले, म्हणून मी गेले, तर माझीही तशीच निघाली. आयुष्यभर ज्या बाईशी एका गोष्टीवर एकमत झालं नाही, तिच्याशी हाडांनी तेवढं एकमत केलं होतं.

आणि मग सुरू झालं ते 'जपून'.

हा शब्द मला आता ऐकवत नाही. जिना चढताना जपून, उतरताना जपून, वाकू नको जपून, पिशवी उचलू नको जपून. शेजारीपाजारी, दुकानदार, समोरच्या घरातली शेंबडी पोरंसुद्धा. पुतण्याने तर कहर केला. थोरलीच्या घरातलं स्टूल उचलून नेलं, पाण्याची बादली नेली, माळ्यावरचं सामान विचारल्याशिवाय खाली काढलं. रोज ऑफिसमधून फोन, आई काय करतेयस, आई बसली आहेस ना. आणि शेवटी मूळ मुद्दा बाहेर आला. 'आई, आता माझ्याकडेच राहायला ये. तळमजला आहे, जिना नाही. खिडकीपाशी खुर्ची ठेवतो. तुला काही करायला नको, नुसती बसून राहा.'

नुसती बसून राहा! थोरलीला! तिने त्याला असं काही झापलं की माझ्या घरातल्या भांड्यांनी कान टवकारले असतील. भांडण झालं, रुसवेफुगवे झाले. अखेर डॉक्टरांनीच तोड काढली. ठिसूळ हाडांच्या लोकांसाठी व्यायामाचा एक वर्ग चालतो, तिथे जा म्हणाले. योगायोग असा की तो वर्ग पुतण्याच्या ऑफिसच्या वरच्याच हॉलमध्ये भरायचा. त्याला ते बरं वाटलं, येता-जाता लक्ष राहील. पण त्याने अट घातली.

'वर्गाला जा, आपल्या घरात राहा, मी काही बोलणार नाही. पण परत पडलीस तर मात्र माझ्याकडे यायचं. तेव्हा वाद नको.'

'नाही घालणार,' थोरली म्हणाली. 'आणि पडणारही नाही.' मग माझ्याकडे वळून, 'तूही चल गं धाकटे. घरात बसून तुझी हाडं काय लोणी खाणार आहेत?'

अशी मी गेले.

मला वाटलं होतं, वर्ग म्हणजे खुर्चीत बसून हात हलवायचे आणि दोन गाणी म्हणायची. तसलं काही नव्हतं. हॉल लांबलचक, लाकडी जमिनीचा, भिंतीला टेकून पाठीच्या खुर्च्या. आम्ही सगळी त्या एका दुखण्याची माणसं. एक हेडबाई होत्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. एक बँकवाले काका होते, इतक्या बायकांत एकटेच पुरुष, त्यामुळे कायम दाराजवळची जागा धरून. बाकीच्या आमच्यासारख्याच. शिकवणारी अंगाने बारीक, आवाजाने घोगरी, आणि शिस्तीला कडक. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, कमरेतून पुढे वाकायचं नाही, काही पडलं तर गुडघ्यांत बसून उचलायचं. खुर्चीतून उठताना हात टेकायचे नाहीत. रबरी पट्टे ओढायचे, लहान वजनं उचलायची, एका पायावर उभं राहायचं.

आणि पाय आपटायचे.

'टाचा वर... अजून वर... आणि सोडा! धप्पकन सोडा!' ती म्हणाली. 'हाडाला धक्का बसायला हवा. काम पडलं तरच ते भरतं. नुसतं जपून ठेवलं तर आणखी पोकळ होतं.' ज्यांचा मणका आधीच मोडलेला होता त्यांना ती यातून वगळायची, त्यांचा व्यायाम बाजूला घ्यायची. बाकीच्यांनी आपटायचं.

आणि आम्हाला आपटता येईना! खोटं सांगत नाही. सगळ्या बायका टाचा उचलायच्या आणि अलगद, दुधावरची साय मोडू नये तशा खाली ठेवायच्या. शिकवणारी ओरडायची, 'सोडा हो! ठेवू नका, सोडा!' छे. पाय आपटत चालू नकोस, हे ऐकत आम्ही मोठ्या झालो. पाय आपटणारी मुलगी म्हणजे उर्मट, हट्टी, सासरी नांदणार नाही अशी. हेडबाईंनी तर उभी हयात मुलींना हेच शिकवलेलं, वर्गातून रांगेत निघताना पावलाचा आवाज आला तर परत पाठवायचं. आता म्हातारपणी एक पोरगी सांगते आपटा, तर पाय ऐकेच ना. आजाराच्या आधीच आम्हाला काहीतरी झालेलं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आणि त्याचा राग आला. इतकी वर्षं कोणाची झोप मोडू नये म्हणून आम्ही स्वतःच्याच घरात चोरासारख्या चाललो होतो.

थोरलीला मात्र सांगावं लागलं नाही. ती खुर्चीला न धरता उभी राहिली, टाचा उचलल्या आणि अशा सोडल्या की खिडकीची काच थरथरली.

'वा!' शिकवणारी म्हणाली. 'असं!'

'यात काय अवघड आहे?' थोरली म्हणाली. 'ज्याच्यावर राग आहे त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणा. नसेल कोणी असा, तर माझ्याकडे या, उसना देते.'

हॉल हसला. मग थोडा थोडा आवाज यायला लागला. काही आठवड्यांत असं झालं की टाचांची वेळ आली की सगळ्यांच्या अंगात यायचं. थोरली पुढे उभी राहून बसमधल्या आवाजात आरोळ्या द्यायची, 'चला, पुढे सरका! वर! सोड! मागचे झोपलेत काय?' हेडबाई डोळे मिटून आपटायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की कोणा संस्थाचालकाचं काही खरं नाही. बँकवाल्या काकांना विचारलं तुम्ही कोणावर आपटता, तर लाजून म्हणाले, 'अजून ठरत नाहीये, यादी मोठी आहे.' मी कोणावर आपटायचे ते थोरलीला सांगितलं. तिच्यावरच. ती खो खो हसली आणि म्हणाली, 'मग एवढ्या हळू का आपटतेस? मनापासून आपट!'

खरं सांगते, आमचं पटायला लागलं ते तिथे. आणि अंगात फरक पडला. मी खुर्चीतून हात न टेकता उठायला लागले. थोरली आपल्या पिशव्या आपण घेऊन जिना चढायला लागली. तिने पुतण्याकडून स्टूल परत मागून घेतलं. तोही मुकाट्याने घेऊन आला. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग खालून तक्रार आली.

आधी ऑफिसचा शिपाई वर आला. साहेब म्हणतात, खाली ऑफिस आहे, जरा हळू. थोरलीने त्याला परतवला, 'साहेबांना म्हणावं तुमची आई घेऊन वर या, तिचीही हाडं बघू.' आम्ही हसलो. तो परत आला नाही, आणि आम्हाला वाटलं संपलं.

त्या संध्याकाळी मी थोरलीकडे चहाला बसले होते तेव्हा पुतण्या आला. बूट काढून, नीट जोडीने ठेवून, खुर्चीच्या टोकाला बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

'आई, तुमचं ते वरचं... जरा हळू नाही का होणार?'

'काय हळू?'

'ते पाय आपटणं. आमच्या डोक्यावर होतं सगळं. दिवे हलतात. आज मोठे ग्राहक आले होते, आणि तू ओरडतेस तो शब्द न् शब्द खाली ऐकू येतो. सगळ्यांना माहीत आहे माझी आई आहे ती. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आधी तुमच्या मातोश्रींचा विमा उतरवा, मग आमच्या छताचा. सगळे हसले गं.' तो हातांकडे बघत बोलत होता. 'लहानपणीही हेच. शाळेच्या स्टॉपवर तुझी बस आली की पोरं तुझी नक्कल करायची. पुढे सरका, पुढे सरका. मी कधी तुला सांगितलं नाही. पण आता नको ना. माझी तिथे काही इज्जत आहे.'

मला वाटलं, आता भडका उडणार. मी कप खाली ठेवला. काय कान उपटेल त्याचे, काय पाणउतारा करेल! म्हणेल, त्याच आवाजाने तुझी फी भरली. म्हणायलाच हवं होतं. थोरलीने मात्र त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग 'चहा घेतोस का?' म्हणाली, अगदी हळू. मी तिला तसं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, 'वहिनी, तुम्ही गप्प का बसलात?'

'मला माहीत नव्हतं गं, पोरं नक्कल करायची ते,' ती म्हणाली.

पुढच्या वर्गाला ती मागच्या रांगेत उभी राहिली. टाचांची वेळ आली. शिकवणारी म्हणाली, 'काकू, पुढे या, आरोळी द्या.' थोरली म्हणाली, 'आज घसा बसलाय.' आणि टाचा उचलून तिने त्या अलगद खाली ठेवल्या. जराही आवाज न करता. बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं. ती आपटत नाही म्हटल्यावर कोण आपटणार? एकेक करत सगळ्यांचे पाय हळू झाले. हेडबाईही हळू. सगळा हॉल चवड्यांवर, चोरासारखा.

शिकवणारीला कळेना काय झालं. चिडली. 'हे असं तरंगत राहू नका, पाय थरथरतात, तोल जातो! आपटायचं नसेल तर खुर्चीला धरा. धरा सगळ्यांनी!' आम्ही धरलं. थोरलीने नाही धरलं. तिने आयुष्यात दांडी धरली नव्हती, खुर्ची काय धरणार! ती चवड्यांवर उभी होती आणि टाच जमिनीला टेकताना टकसुद्धा होऊ नये म्हणून जीव एकवटून खाली येत होती. तिच्या पोटऱ्या लटलटत होत्या. शिकवणारी तिच्या दिशेने निघाली, 'काकू, धरा म्हणते ना', आणि तेवढ्यात थोरली एका अंगावर कलली आणि पडली.

मी जवळच होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली कोणाला ऐकू गेला नाही.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला धरून उभं केलं आणि बजावून सांगितलं, रोज चालवा, रोज थोडं जास्त, बसवून ठेवाल तर ही बाई बसलेलीच राहील. पुतण्याने मान हलवली. ऐकलं किती, देव जाणे. तो रडत होता, हे खरं आहे. बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडत होता. आणि रडता रडता मला म्हणाला, 'काकू, मी म्हणत होतो ना, नको ती थेरं या वयात.'

मी तोंड उघडलं, तर आतून थोरलीची हाक आली. मला जवळ बोलावून माझा हात धरला. 'धाकटे, त्याला काही सांगायचं नाही. माझी शपथ आहे.'

'का पण?'

'त्याला जन्मभर बोचेल.'

'आणि तुम्हाला?'

तिने डोळे मिटून घेतले. शपथ म्हटल्यावर मी काय करणार! शब्द गिळला. कडू होता.

ठरल्याप्रमाणे ती पुतण्याकडे गेली. तळमजला, जिना नाही, खिडकीपाशी खुर्ची. सूनबाई आणि तो दोघंही नोकरीला, म्हणून दिवसा एक बाई ठेवलेली. त्या बाईला पुतण्याची सक्त ताकीद, आईंना एकटं उठू द्यायचं नाही. वॉकर भिंतीला टेकवलेला, थोरलीच्या हाताला लागणार नाही असा. मी दर आठवड्याला जायचे. प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा बारीक दिसायची. पायांच्या काड्या झाल्या होत्या. तहान लागली तरी बाई हातातलं काम संपवून येईपर्यंत वाट बघायची. हाक नाही मारायची. मी पुतण्याला म्हणायचे, अरे चालव तिला. तो म्हणायचा, 'उद्यापासून, काकू. अजून अशक्त आहे. पडली परत तर?' रोजचा उद्या. प्रेमाने चाललेलं होतं सगळं, आणि त्या प्रेमाने ती डोळ्यांदेखत संपत होती. मला त्या खुर्चीला काडी लावावीशी वाटायची.

'सांगा त्याला,' मी तिला म्हणायचे. 'व्यायामाने पडला नाहीत तुम्ही. तो तसं समजतोय तोवर तुम्हाला उभं राहू देणार नाही.'

'जाऊ दे गं. आता माझं किती राहिलंय?'

'आग लागो त्या "जाऊ दे"ला!'

ती हसायची. त्या हसण्याला आवाज नव्हता.

मग एका सुट्टीच्या दिवशी शिकवणारी आली. मी तिथेच होते. हॉलवाल्यांनी वर्ग बंद केला होता, माणसं पडतात म्हणून. दुसरी जागा मिळते का बघत होती. थोरलीला बघून तिचा चेहरा कसानुसा झाला. गुडघ्यांत बसून तिने थोरलीच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारलं, 'चालता का रोज?'

पुतण्या दारात उभा होता. जो माणूस कधी आवाज चढवत नाही, तो ओरडला.

'हात लावू नका तिला! चालण्याबद्दल तुम्ही बोलता? धडधाकट आई दिली होती तुमच्या हवाली. म्हाताऱ्या बायकांना नाचवता, ओरडायला लावता, आणि मोडून परत देता. मी तक्रार करणार आहे. परत कोणाच्या आईजवळ जायच्या लायकीच्या नाही तुम्ही.'

शिकवणारी उठून उभी राहिली. खाली मान घालून म्हणाली, 'चुकलं माझं. त्या दिवशी मी लगेच थांबवायला हवं होतं.'

माझं डोकं सणकलं. शपथ गेली खड्ड्यात म्हणून मी उठले. पण माझ्या आधीच आवाज आला. तो आवाज. शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

'गप्प बस!'

पुतण्या दचकला. आतून ती दिवसभराची बाई धावत बाहेर आली. शेजारच्या घरातली खिडकी उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

'तिला काय बोलतोस? ती ओरडून ओरडून सांगत होती, आपटा, नाहीतर खुर्ची धरा. मी आपटलं नाही. खाली तू बसला होतास म्हणून आपटलं नाही. तुझ्या साहेबाला टाच ऐकू जाऊ नये म्हणून मी लटपटत उभी राहिले आणि पडले. जोरात आपटत होते तोवर कधी पडले होते का मी? बोल, पडले होते?'

पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला. लहान मुलासारखं तो म्हणाला, 'म्हणजे माझ्यामुळे?'

मी थोरलीकडे बघितलं. मला माहीत होतं आता ती काय म्हणणार. नाही रे बाळा, म्हणणार. तुझ्यामुळे कसं, माझं नशीब, म्हणणार. आपण सगळ्याजणी तेच म्हणतो, आणि पोरांना तेच ऐकायचं असतं. तिचे ओठ हललेही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा केवढा कळवळा होता ते मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

'हो,' ती म्हणाली.

तो भिंतीला टेकला. मग थोरलीने नाक पुसलं आणि हात पुढे केला. 'तो वॉकर दे इकडे.'

त्याने वॉकर आणला, तिच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या बगलेत हात घालायला वाकला.

'हात नको.'

'आई, पडशील गं.'

'पडेन. तू बाजूला हो.'

तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अर्धी उठली आणि धपकन मागे बसली. पुतण्याच्या तोंडून 'अगं' निघालं, पाऊल पुढे पडलं. थोरलीने त्याच्याकडे बघितलं, आणि पाऊल तिथेच थांबलं. शिकवणारी दबक्या आवाजात म्हणाली, 'काकू, पाय जरा मागे घ्या, मग छाती पुढे.' थोरलीने पाय मागे घेतले. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ती रागाने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती परत उठायला लागली. पुतण्याने दोन्ही हात स्वतःच्याच पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, आणि तो बघत होता.